दोन शेजाऱ्यांच्या सह्या

५ मार्च, बुधवार

आले एकदाची! शिवणयंत्र जिन्यावरून चढवताना टेंपोवाल्याने तीनदा आपल्या कंबरेचं नाव घेतलं, पण यंत्राला ओरखडा नाही आणि त्याच्या कंबरेलाही काही झालेलं दिसलं नाही. दुपारी चारच्या आत माझं सगळं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावरच्या बेचाळीस नंबरात लागलं. खिडकीपाशी यंत्र, भिंतीला कापायचं टेबल, आणि तो डोकं नसलेला कापडी पुतळा दाराशी, म्हणजे येणाऱ्याचं स्वागत आधी तोच करेल. तेवीस वर्षं मी लोकांचे कपडे आत-बाहेर करून देते आहे. इतका उजेड मला कुठल्याच खोलीत मिळाला नव्हता.

घर दादाचं. दादा गेल्या वर्षी गेला. वहिनीला इथे राहवेना, ती लेकीकडे गेली आणि जाताना घराची नि गाडीची चावी माझ्या हातावर ठेवली.

वसाहतीत सहा इमारती आणि जागेपेक्षा गाड्या जास्त, त्यामुळे घर मिळणं सोपं, गाडी उभी करणं अवघड. परवान्याचं ऑफिस जिन्याखाली आहे. तिथला कारकून वाळक्या अंगाचा, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेला. शिक्का दोनदा आपटतो आणि मग शाईवर हळूच फुंकर मारतो. मी मनात त्याचं नाव शिक्कामास्तर ठेवून टाकलं. त्याच्या मागे भिंतभर खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर घराचा नंबर. घराचा जो नंबर तोच खालच्या जागेचा. त्याने मला पांढरं कार्ड दिलं, आरशाला टांगायला. हा पाहुणा परवाना, तीस दिवसांचा, ३ एप्रिलला दुपारी एकला संपतो. पाहुण्याचा संपला की तो सरळ रद्द धरतात, रहिवाशासारखं नुसत्या जॅमरवर भागत नाही. तेवढ्यात रहिवाशाचं पिवळं कार्ड करून घ्यायचं. त्यासाठी अर्जावर दोन सह्या लागतात, डावीकडच्या जागेवाल्याची आणि उजवीकडच्या जागेवाल्याची. तुमच्या गाडीचा शेजाऱ्याला त्रास नाही हे शेजाऱ्यानेच लिहून द्यायला हवं ना, असं तो म्हणाला. जागेला लागून भिंत असेल तर मात्र त्या बाजूची सही लागत नाही. दर तीन महिन्यांनी हे पुन्हा करायचं.

निघताना म्हणाला, शेजार सांभाळा, बेचाळीस नंबर. मी हसले. इथे मला नावाने कोणी हाक मारणार नाही असं दिसतंय.

७ मार्च, शुक्रवार

शेजार बघून घेतला.

डावीकडे एक्केचाळीस नंबरात निवृत्त गृहस्थ आहेत, झुपकेदार मिशा, एकटेच राहतात. त्यांच्या हातात कायम एक लाकडी पट्टी असते आणि ते लोकांच्या गाड्या मोजत फिरतात. टायर पांढऱ्या रेषेवर आलं की ऑफिसात जाऊन तक्रार. वसाहतीत त्यांना सगळे फूटपट्टी म्हणतात, आणि गंमत म्हणजे त्यांना ते आवडतं. त्यांनी मला नियम नीट समजावून दिले. एका गाडीविरुद्ध दिवसाला एकच तक्रार करता येते आणि तीन तक्रारी खऱ्या निघाल्या की परवाना कायमचा रद्द. पाहुणा परवानावालासुद्धा तक्रार करू शकतो. ही त्यांनी मला खुशखबर म्हणून सांगितली.

उजवीकडे त्रेचाळीस नंबरात शिकवणीबाई. छोटी लाल गाडी, मोठं हसू. सकाळ-दुपार मुलांना गणित शिकवते. तिने मला बसवून चहा पाजला. अगं, दार वाजवत नको बसूस, सरळ आत येत जा, असं म्हणाली आणि दादाबद्दल बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी दोघांशीही गोड बोलले. तोंडात साखर ठेवून बोलायला मला गिऱ्हाइकांनी शिकवलं आहे.

९ मार्च, रविवार

आता इथे खरं लिहायला हरकत नाही. वही माझी, कुलूप माझं.

मी उजेडासाठी आलेले नाही.

मागच्या वर्षी दादाचा परवाना संपत आला तेव्हा तो सह्यांसाठी फिरला. फूटपट्टी म्हणाला, तुमचं पुढचं चाक चार बोटं रेषेबाहेर असतं, सही मिळणार नाही. वर त्याने दोन तक्रारी ठोकल्या होत्या. शिकवणीबाईची घंटा दादाने तीनदा वाजवली. तिन्ही वेळा ती म्हणाली, वर्ग संपल्यावर या. परवाना संपला त्याच दिवशी शिक्कामास्तराने गाडीच्या चाकाला जॅमर लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी दादाच्या छातीत दुखायला लागलं. वहिनी बाहेर गेलेली. तो कसाबसा खाली उतरला, गाडीत बसला, तेव्हा जॅमर दिसला. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. शिक्कामास्तर एकला ऑफिस बंद करतो, जेवतो आणि चारला उघडतो. किल्ली त्याच्या खिशात. दादा दहा मिनिटं हॉर्न वाजवत होता. बाईने वर्गातल्या मुलांचं लक्ष उडतं म्हणून खिडकी लावून घेतली. फूटपट्टीने गॅलरीतून ओरडून सांगितलं की हॉर्न वाजवायला मनाई आहे.

चारला किल्ली आली. तेव्हा दादा नव्हता.

त्याचा तो अर्ज टेबलाच्या खणात सापडला. दोन्ही सह्यांच्या जागा कोऱ्या. कडेला त्याच्या बारीक अक्षरात, "४१: रेषेबाहेर म्हणून नाही. ४३: वर्ग संपल्यावर." मी तो अर्ज काचेखाली ठेवला आहे, रोज डोळ्यांसमोर राहील असा.

मला कोणाचा जीव नको. मला त्यांचा परवाना हवा आहे. त्यांनी रस्तोरस्ती गाडी उभी करायला जागा शोधत फिरावं, दारोदार सहीसाठी हात पसरावा आणि लोकांनी त्यांना वर्ग संपल्यावर या म्हणून सांगावं. एवढं झालं की माझं पोट भरेल.

११ मार्च, मंगळवार

बाईने माझ्या अर्जावर न मागता सही केली. टपोरी, गोल सही. फूटपट्टीकडे मी गेले नाही आणि जाणारही नाही. ज्याने दादाला सही दिली नाही त्याच्यापुढे मी कागद धरायचा? त्याचा परवाना रद्द झाला की त्याच्या सहीचं कारणच उरणार नाही.

त्याची गाडी मी चार दिवस बघते आहे. पट्टी घेऊन फिरणारा हा माणूस स्वतःची गाडी लावताना रेषेकडे बघतच नाही. समोरच्या भिंतीवर त्याने एक लाल खूण करून ठेवली आहे. गाडीचं नाक त्या खुणेसमोर आलं की ब्रेक, चाक बरोबर रेषेला लागून. माणसाचा सगळ्यात जास्त विश्वास स्वतःच्या खुणेवर असतो.

१२ मार्च, बुधवार

बुधवारी दुपारी फूटपट्टी डोळे तपासायला जातो, दोन तास. तेवढ्यात मी खाली गेले. टेप, खडू, करड्या रंगाचा डबा आणि पांढऱ्या रंगाचा डबा. त्याच्या नि माझ्या जागेमधली रेषा पुसून त्याच्या बाजूला चार बोटं सरकवली. कापडाची शिवण आत घेण्यात नि ह्यात फरक नाही. आधी खूण, मग रेघ, मग जुनी रेघ दिसणार नाही असा हात. अर्ध्या इंचाची चोरी मला येते, ही तर तीन इंचांची होती. फाटकवाल्याने विचारलं काय चाललंय, मी सांगितलं रेषा पुसट झाली होती. तो म्हणाला, बरं केलंत, ताई.

घरी येऊन पोटभर जेवले.

१४ मार्च, शुक्रवार

पहिली तक्रार. शिक्कामास्तर मोजायला आला, खाली बसला, पट्टी लावली. चार बोटं बाहेर. वर बघून त्याने मला विचारलं की नक्की लिहू ना, कारण एकदा लिहिलेली तक्रार परत घेता येत नाही. मी म्हटलं, लिहा.

१७ मार्च, सोमवार

दुसरी तक्रार. फूटपट्टी स्वतः पट्टी घेऊन खाली आला, तीनदा मोजलं, घाम पुसला. आयुष्यात कधी रेषेबाहेर गेलो नाही, असं तो मला सांगत होता. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मला वाटलं त्याने एकदा तरी दादाचं नाव काढावं. नाही काढलं.

१८ मार्च, मंगळवार

तिसरी. तो शहाणा आज चांगला हातभर आत गाडी लावेल अशी मला धास्ती होती, पण हट्टाला पेटला आणि खुणेवरच लावली. पुन्हा चार बोटं. शिक्कामास्तर ऑफिसात गेला, खुंटीवरून एक्केचाळीसचा बिल्ला काढला, खिशात टाकला. बस्स, एवढंच. फूटपट्टी दारात उभा होता, काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं त्याने.

दादा, एक झाला.

१९ मार्च, बुधवार

आज विशेष काही नाही. दोन कोट उसवले, एका पडद्याला अस्तर लावलं. गाडी लावताना डावीकडची जागा रिकामी असते ते फार बरं आहे, वळवायला सोपं जातं. दुपारी शिकवणीबाईकडे चहा.

२० मार्च, गुरुवार

सहज मागची पानं चाळली.

फूटपट्टी कोण?

अक्षर माझं आहे. शाई माझी आहे. झुपकेदार मिशा, लाकडी पट्टी, लाल खूण. मला ह्यातलं काही आठवत नाही. काही म्हणजे काहीच नाही. मी बाहेर जाऊन बघितलं. लिफ्ट आणि माझं दार ह्यांच्यामध्ये दार नाहीच, सरळ भिंत आहे, तिच्यावर ओल उतरलेली. ती ओल किती जुनी दिसते! शिकवणीबाईला विचारलं. ती म्हणाली, एक्केचाळीस नंबर? अगं, चाळीसनंतर बेचाळीसच येतो इथे, बांधणाऱ्याची चूक, आम्ही पहिल्यापासून हसतो त्यावर.

खाली समोरच्या भिंतीवर लाल खूण आहे.

काचेखालचा दादाचा अर्ज बघितला. कडेला लिहिलंय, "४३: वर्ग संपल्यावर." एवढंच. त्याच्या आधी कागद कोरा.

अर्जावरची ओळ गेली, पण वही मात्र राहिली आहे. रोज सकाळी ती पहिल्या पानापासून वाचायची असं ठरवलं आहे.

२२ मार्च, शनिवार

ऑफिसात गेले आणि विचारलं, एक्केचाळीस कोण होतं. शिक्कामास्तराने रिकामी खुंटी बघितली आणि म्हणाला की खुंटीवर काही नाही म्हणजे कोणी नाही. मग गाडी कुठे गेली, असं मी विचारलं. रद्द झालेल्या मागे असतात, असं म्हणाला, जसं काही मी रद्दीचा हिशेब विचारला होता.

पाण्याच्या टाकीमागे जाळीचं फाटक आहे. ऐन दुपारी गेले, ऊन लख्ख होतं. आत गाड्या ओळीने लावलेल्या, नंबराप्रमाणे, मध्ये मध्ये जागा सोडून. सात. बारा. एकोणीस. अंगणात चिटपाखरू नाही. शेवटची करडी गाडी नवी होती, धूळ नव्हती. काचा आतून धुकटलेल्या.

आत माणूस बसला होता. मिशा झुपकेदार. दोन्ही हात स्टिअरिंगवर. पट्टा लावलेला. समोरच्या भिंतीकडे बघत होता, आणि काचेवरचं धुकं त्याच्या नाकासमोर हलत होतं, मागे-पुढे, मागे-पुढे.

बाकीच्या काचाही धुकटलेल्या होत्या. मी थांबले नाही.

शिक्कामास्तराला मी फक्त एकच विचारलं, माझा दादा तिथे आहे का. तो म्हणाला, नाही, ते वेळेत सुटले, तिसरी तक्रार व्हायच्या आत वारले, त्यांचं आठवतं ना सगळ्यांना.

२४ मार्च, सोमवार

दोन दिवस मशीनला हात लावला नाही. कानाला खडा लावला होता. पण आज अर्ज पुन्हा वाचला.

वही सांगते की सही नाकारणारा एक माणूस होता. वाचून कळतं, चीड मात्र येत नाही. न बघितलेल्या माणसावर चीड कशी येणार? मी सूड घेतला आणि त्याची चवच लागली नाही मला. सगळी चीड आहे तेवढीच शिल्लक आहे, आणि आता ती एकाच ठिकाणी जाऊन बसते. अर्जावर एकच नाव उरलं आहे. तीनदा घंटा. वर्ग संपल्यावर. खिडकी लावून घेतली.

ती आज चहा देताना गुणगुणत होती. गुणगुणत! मला तो कप भिंतीवर फेकावासा वाटला.

मला माहीत आहे तिचं काय होईल. लिहून ठेवते, मला माहीत आहे.

२६ मार्च, बुधवार

तिचे हात खडूने भरलेले असतात म्हणून तिने मला गाडीची चावी देऊन ठेवली आहे, अगं, तेवढी सावलीत लावशील का, म्हणून. मी सावलीत लावली. आरशाचं पिवळं कार्ड काढून गाडीच्याच खणात टाकलं. परवाना न लावता उभं केलेलं वाहन, पहिली तक्रार.

२७ मार्च, गुरुवार

दुसरी. बाई कावरीबावरी झाली आहे. माझं हल्ली डोकं ठिकाणावर नाही, असं म्हणाली. कार्ड लावलेलं तिला स्पष्ट आठवतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताची मला लाज वाटली नाही, हेही लिहून ठेवते.

२८ मार्च, शुक्रवार

तिसरी. शिक्कामास्तर तक्रार लिहिताना थांबला. म्हणाला, बेचाळीस नंबर, शेजार संपतोय तुमचा. मला वाटलं तो मला घाबरवतो आहे. मी म्हटलं, लिहा.

बिल्ला काढण्याआधी मी बाईकडे गेले. तिला विचारलंच, त्या दिवशी खिडकी का लावलीस. तिने हातावरचा खडू झटकला. मग म्हणाली की तो हॉर्न तिला रोज ऐकू येतो. मुलांना गणित सोडवायला देते तेव्हा, खोली शांत होते तेव्हा. क्षमा माग म्हणशील तर मागते, पण कोणाकडे मागू, तेवढं सांग.

मी उठले. खाली आले. तो बिल्ला खिशात टाकत होता. थांबा म्हणायला मला वेळ होता. मी म्हटलं नाही.

३० मार्च, रविवार

वही वाचली. सगळी. दोनदा.

हे मी केलं? बाई कोण? मला चहा पाजणारी, चावी देणारी? माझ्या दारानंतर सरळ चव्वेचाळीसचं दार आहे. खालच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या. मध्ये माझी गाडी.

माझा अर्ज काढला. टपोरी, गोल सही असं लिहिलंय मी ११ तारखेला. अर्जावर सही नाही. पुसल्याची खूणही नाही. कागद अगदी स्वच्छ.

आणि दादाचा अर्ज. कडेला काहीच नाही.

३१ मार्च, सोमवार

वहिनीला फोन केला. दादाला सही कोणी दिली नाही, ते सांग ना मला, म्हटलं. वहिनी म्हणाली, कोण देणार होतं, दोन्हीकडच्या जागा पहिल्यापासून रिकाम्या. विचारायला हवं होतं ऑफिसात, नाही विचारलं. त्याचाच वेंधळेपणा. मीही त्याला तेव्हा हेच म्हणायचे.

दादाचा वेंधळेपणा. ज्यांनी त्याला मारलं त्यांना मी पुसलं, आणि आता दोष दादाच्याच माथी आला. कोणाचंही काही चुकलेलं नाही. फक्त माझ्या भावाचं चुकलं.

मी दिवसभर रडले. मी सूड घ्यायला आले होते. मी त्यांना निर्दोष सोडवलं.

१ एप्रिल, मंगळवार

ऑफिसात भांडले. वर माझ्या दाराशेजारी भिंत आहे, भिंतीची सही लागत नाही, कार्ड द्या. शिक्कामास्तर मला हाताला धरून खाली जागेपाशी घेऊन गेला. जागा आहे, रेषा आहेत, ह्याला रिकामी म्हणतात, भिंत नाही, असं म्हणाला. मग नवा माणूस आणा इथे! घरच नाही तर माणूस कुठून आणू, बेचाळीस नंबर?

चाळीसवाल्याकडे गेले. चव्वेचाळीसवालीकडे गेले. दोघांच्या हाता-पाया पडले. त्यांची जागा मला लागून नाही. दोघांनीही सांगितलं, नियमात बसत नाही हो.

शिक्कामास्तरालाच मी सोडणार नव्हते. पण त्याच्यावर तक्रार करायची कशी? तो पायी येतो. त्याला परवानाच नाही.

म्हणाला, पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

२ एप्रिल, बुधवार

वहिनीने फोन उचलला आणि कोण बोलतंय विचारलं. मी सांगितलं. तिने पुन्हा विचारलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, त्यांना बहीण नव्हती.

अजून तर एक दिवस बाकी आहे! अजून परवाना आहे माझा!

पिशवी भरली. इथून पायी निघून गेले तर कुठे जाऊ? जिथे जाईन तिथे मी नसेनच. उद्या सकाळी आधी ऑफिस, मग

नाही. आधी हे. दादा होता. दादाने तीनदा घंटा वाजवली. दादाने सही मागितली होती. लिहून ठेवते आहे. दादाने सही मागितली होती.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी दहा. ऑफिसात. तो ऐकत नाही. मागच्या खुंटीवर माझा बिल्ला आहे. अजून आहे.

साडेअकरा. वहीचं पहिलं पान फिकट झालंय. टेंपोवाल्याबद्दलचं अक्षर न् अक्षर मी पुन्हा गिरवलं. गिरवेपर्यंत दुसरं पान

बारा चाळीस. खाली आले गाडीची कागदपत्रं घ्यायला. परत वर गेले तर चाळीसनंतर चव्वेचाळीस. मध्ये भिंत. भिंतीवर ओल. माझं यंत्र आत होतं. माझा पुतळा

एक. त्याने कुलूप लावलं. किल्ल्या खिशात. जेवायला गेला. माझ्याकडे बघितलंही नाही.

एक पाच. गाडीत बसले. चाकाला जॅमर. फाटकवाल्याला हात केला, ओरडले. तो माझ्यातून पलीकडे बघतोय.

एक दहा. हॉर्न वाजवते आहे. वर कोणीतरी खिडकी लावून घेतली.

काचा धुकटल्या. पुसते, पुन्हा येतं. बाहेरचं काही दिसत नाही. गाडी हलतेय. इंजिन बंद आहे आणि गाडी हलतेय—

थांबली. समोर भिंत. टाकीमागची भिंत.

डावीकडे करडी गाडी. उजवीकडे लाल. मला मध्ये लावलंय. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. शेजार. शेजारी आहेत मला! दोन्हीकडे! म्हणजे सह्या— अर्ज आहे माझ्याजवळ, पर्समध्ये, अर्ज आहे—

लाल गाडीची काच खाली झाली. बाई आहे. मला तिचा चेहरा आठवला. तिने हात पुढे केला, बोटांना खडू. सही केली. टपोरी, गोल. बाई, मी तुला— बाई—

एक झाली. अजून एकच. एकच हवी.

करड्या गाडीचं दार उघडलं. तो उतरला. कागद नको म्हणाला. आधी मोजतो म्हणाला. हातात पट्टी. पुढच्या चाकापाशी खाली बसला.

इथल्या रेषा ताज्या आहेत. ओला रंग. त्याच्याकडची रेषा आत घेतलेली वाटते, माझ्या बाजूला. किती, ते मला मोजावं लागत नाही. चार बोटं. खालची जुनी रेघ दिसणार नाही असा हात, तो हात माझा—

पट्टी लावली त्याने. वर बघून हसला. म्हणतोय, चाक